पिकअप गेला कुठं?

नाशकात गाडीबद्दल सल्ला द्यायला स्वतःची गाडी असावी लागते, असा नियम नाही. सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहतींनी हे शहर पोसलं आणि त्या बदल्यात आम्ही सगळेच थोडे थोडे इंजिनियर झालो. स्कॉर्पिओ इथली, थार इथली, आणि बॉशची पाटी लागून बरीच वर्षं झाली तरी आम्ही ज्याला अजून मायकोच म्हणतो तो कारखानाही इथलाच. त्यामुळं लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा मुलगासुद्धा डिझेलच्या नोझलवर दोन वाक्यं सहज बोलून जातो. त्र्यंबक रोडवर गाडी बंद पडली तर ढकलायला दोघं येतात, ती का बंद पडली हे सांगायला आठ येतात.

पूर्वी हे ज्ञान टिकवणं सोपं होतं. गाडी ओढत नसेल, वास येत असेल, चढावर रडत असेल, तर चेहरा गंभीर करून “क्लच प्लेट गेली” एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा ती खरंच गेलेली असायची. मग ऑटोमॅटिक गाड्या आल्या आणि या शहराच्या ज्ञानाचा पायाच निखळला. क्लचचं पॅडलच नाही म्हटल्यावर माणसानं बोलायचं काय? २०१४ साली मारुतीनं सेलेरिओत एएमटी हा स्वस्त प्रकार आणला आणि ऑटोमॅटिक ही बड्यांची चैन राहिली नाही. तोपर्यंत ऑटोमॅटिक म्हणजे अमेरिकेहून आलेला चुलत भाऊ जिच्याबद्दल बोलतो ती गाडी. आता ती इंदिरानगरच्या कुठल्याही पार्किंगमध्ये दिसते.

दोन-चार वर्षं सगळे गोंधळले. नंतर नवा शब्द सापडला, टॉर्क कन्व्हर्टर. रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलात तर कान देऊन ऐका. तर्री जास्त की कमी हे ठरायच्या आत एकजण दुसऱ्याला विचारतो, “एएमटी आहे का टॉर्क कन्व्हर्टर?” समोरच्यानं “टॉर्क कन्व्हर्टर” म्हटलं की त्याला पापड जास्त मिळतो. “एएमटी” म्हणणारा पुढं आपण होऊन जोडतो, “पण मायलेज चांगलं देते हां.”

माझ्या भाच्याकडं थार आहे. पेट्रोल, ऑटोमॅटिक. म्हणजे गाडीत जपानी आयसिन कंपनीचा सहा गिअरांचा बॉक्स आणि त्याच्या तोंडाशी खराखुरा टॉर्क कन्व्हर्टर. पापड त्याला जास्तच मिळतो. तरी एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

“मामा, पिकअप गेला.”

“कुठं?”

“गाडीचा. सिग्नलला उचलतच नाही. हाय स्टॉल कन्व्हर्टर टाकायचा विचार आहे. परफॉर्मन्सवाला. बाहेरून मागवतोय.”

आमच्या सोसायटीत अशा वेळी मायकोतून निवृत्त झालेल्या काकांना बोलवायची पद्धत आहे. बोलवावं लागत नाही म्हणा, ‘कन्व्हर्टर’ हा शब्द जिन्यात ऐकू गेला की ते येतात. आले, पाणीसुद्धा न घेता बसले आणि थेट १९०५ सालापासून सुरू झाले.

हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनियरनं त्या वर्षी या यंत्राचं पेटंट घेतलं. तो स्टेटिनच्या वल्कन जहाज कारखान्यात होता. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. जहाजाचं वाफेचं टर्बाईन फार जोरात फिरायचं, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा असायचा, आणि मधे बसवायला एवढी ताकद सोसणारी दंतचक्रं तेव्हा बनत नव्हती. फ्योटिंगरनं दंतचक्रंच काढून टाकली आणि मधे द्रव भरला. इंजिनाला जोडलेला पंप तो द्रव भिरकावतो, द्रव समोरच्या टर्बाईनच्या पात्यांवर आदळतो, टर्बाईन फिरतं. एका बाजूचं लोखंड दुसऱ्या बाजूच्या लोखंडाला शिवत नाही, तरी ताकद पोचते.

“म्हणजे हे जहाजासाठी होतं?” भाच्यानं निराश होऊन विचारलं. नाशकात जहाजाच्या जवळात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे गंगापूर धरणावरचा बोट क्लब.

“होतं. पण अक्कल मधल्या स्टेटरमध्ये आहे,” काका म्हणाले. टर्बाईनवरून परतणारं ऑईल उलट्या दिशेनं येतं आणि पंपालाच अडवू पाहतं. मधे बसलेला स्टेटर त्याला वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेनं पाठवतो. त्यामुळं गाडी जागची हलताना इंजिनाच्या जोराच्या दुपटीच्या आसपास जोर पुढं जातो. पुढं दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या वेगानं फिरायला लागल्या की स्टेटर मोकळा होऊन नुसता सोबत फिरतो, आणि मग लॉक-अप क्लच बसून सगळं एकसंध होतं, म्हणजे पेट्रोल वाचतं. १९४८ मध्ये ब्युइकनं हे यंत्र डायनाफ्लो नावानं मोटारीत घातलं. ते लोण्यासारखं चालायचं, पण इतकं मंद की अमेरिकेत लोकांनी त्याचं ‘डायनास्लश’ करून टाकलं. लॉक-अपची सोय पॅकार्डनं दुसऱ्या वर्षी आणली.

काका इथं पाणी प्यायले. मी घड्याळ पाहिलं, तर अजून १९४९ च चाललं होतं.

भाच्याला हवा होता तो हाय स्टॉल. स्टॉल स्पीड म्हणजे गाडी ब्रेकवर गच्च धरून, गिअर डीमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर इंजिन ज्या फेऱ्यांवर जाऊन थांबतं तो आकडा. अमेरिकेत पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत उतरणाऱ्या गाड्यांची इंजिनं अशी घडवलेली असतात की अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या खाली त्यांच्यात जीवच नसतो. मग त्यांना असा कन्व्हर्टर देतात जो खाली घसरू देतो, इंजिनाला झटकन आपल्या जोराच्या पट्ट्यात पोचू देतो आणि तिथून गाडी उचलतो. कन्व्हर्टरचा व्यास कमी केला की स्टॉल वाढतो, पात्यांचे कोन बदलले की बदलतो. ही सगळी कारागिरीच आहे आणि ती करणारी मंडळी तिकडं पिढ्यान्‌पिढ्या नाव राखून आहेत.

भाच्याला तात्त्विक चर्चा नको होती. तो म्हणाला, आपण आधी आहे तो स्टॉल मोजू. आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. वॉचमन शिट्टी तोंडात धरून लांब उभा राहिला. काकांनी बजावलं, पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, सगळी ताकद ऑईल तापवण्यात जाते. भाच्यानं डाव्या पायानं ब्रेक दाबला, देवाचं नाव घेतलं आणि उजव्या पायानं ॲक्सिलरेटर तळाला नेला. इंजिन किंचित गुरगुरलं. काटा थोडा वर गेला आणि तिथंच बसून राहिला. अलीकडच्या गाड्यांचा कॉम्प्युटर दोन्ही पॅडल एकदम दाबलेली दिसली की ब्रेकचंच ऐकतो आणि इंजिनाची ताकद कापतो. वॉचमननं शिट्टी खिशात ठेवली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत आल्या होत्या, त्या “झालं का?” विचारून आत गेल्या.

मग फॉर्म आला. परफॉर्मन्स कन्व्हर्टर बनवणारे शहाणे लोक ठरावीक मापाचा पार्ट पुड्यात बांधून देत नाहीत, ते आधी प्रश्न विचारतात. गाडीचं वजन किती? जोर कुठल्या फेऱ्यांवर? टायरचा व्यास? डिफरन्शियलचं गुणोत्तर? तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच? आणि शेवटी, गाडी वापरता कशी? या उत्तरांवर सगळं अवलंबून. म्हणजे परफॉर्मन्स कन्व्हर्टर निवडायला पैसे आणि अभ्यास यांच्याआधी खरं बोलण्याची तयारी लागते. आणि गाडीच्या बाबतीत आमच्या गावात कोणी खरं बोललेलं माझ्या ऐकिवात नाही. भाच्याचा भरलेला फॉर्म मी पाहिला. लग्नाच्या बायोडाटात लिहितात तशी त्यात सगळी माहिती होती, फक्त मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात उघडी पडेल अशी.

वजनाच्या रकान्यात त्यानं कंपनीच्या पुस्तिकेतलं वजन टाकलं, पावणेदोन टनांच्या घरातलं. टपावरचं लोखंडी कॅरिअर, त्यावरचे चार दिवे, मागचा वूफर, घाटात अडकलेल्यांना ओढायची साखळी (आजवर कोणी अडकलेलं नाही), आणि दिवाळीपासून मागं तसंच राहिलेलं फराळाचं स्टीलचं पिंप, यांचा उल्लेख नव्हता. उंचीच्या रकान्यात सहाशे मीटर लिहिलं, ते बरोबर होतं, कारण त्यात त्याचा काही संबंध नव्हता.

वापराच्या प्रश्नाला तीन पर्याय होते. रोजचा वापर, रोजचा अधिक कधीमधी शर्यत, आणि निव्वळ शर्यत. त्यानं मधल्यावर खूण केली होती.

“शर्यत कुठली रे?”

“मामा, आंबी व्हॅलीला धावपट्टीवर ड्रॅग होतात.”

“तू गेलायस?”

“व्हिडिओ बघितलेत.”

नाशिकला मोटारशर्यतीचं वावडं आहे असं नाही. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’च्या फेऱ्या या जिल्ह्याच्या मातीत झालेल्या आहेत. पण त्या गाड्या वेगळ्या, ती माणसं वेगळी, आणि त्यातली कोणी संध्याकाळी साडेसहाला द्वारका चौकात अडकलेली नसतात. भाच्याची गाडी सकाळी इंदिरानगरहून निघते, मुंबई नाक्याला उभी राहते, शरणपूर रोडनं कॉलेज रोडला जाते, आणि संध्याकाळी हेच उलटं करते. मधे रिक्षा, मेंढ्या, कुंभमेळ्यासाठी खोदलेले रस्ते आणि उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले. या मार्गावर तिसरा गिअर पडला तर घरी येऊन सांगावं अशी परिस्थिती. इथं हाय स्टॉल घातला तर काय होईल? कन्व्हर्टर दिवसभर घसरत राहील, ती घसरण उष्णता होऊन ऑईलमध्ये जाईल, आणि जाणकारांचा ठोकताळा असा की एका मर्यादेनंतर दर दहा-अकरा अंशांना ऑईलचं आयुष्य निम्मं होतं.

“घाट आहे ना पण,” भाचा म्हणाला. “कसाऱ्याला ट्रकच्या मागं लागलं की उचलायला हवी.”

हे पूर्वी ठीक होतं. पण ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा उघडला आणि सरकारनं कसारा घाटाला बगल देत पावणेआठ किलोमीटरचा बोगदाच दिला. घाट चढायचं कारण सांगून कन्व्हर्टर घ्यावा, तर घाटच उरला नाही. एवढ्या मोठ्या प्रकल्पामागं आमच्या भाच्याचे पैसे वाचवण्याचा हेतू असेल असं वाटत नाही, पण परिणाम तोच.

रविवारी आम्ही अंबडला गेलो. तिथं एक मेस्त्री ऑटोमॅटिक बॉक्स उतरवून ओव्हरहॉल करतो. त्याच्या टेबलावर एक कापलेला कन्व्हर्टर पडला होता. हे यंत्र वेल्डिंगनं बंद केलेलं असतं, नटबोल्ट नाहीत. दुरुस्त करायचं तर लेथवर लावून वेल्डिंगची कड कापायची, दोन अर्धे वेगळे करायचे, लॉक-अपचं अस्तर नवं चिकटवायचं, पुन्हा वेल्ड करायचं आणि बॅलन्स करायचं. बॅलन्स चुकला तर क्रँकच्या मागच्या सीलपासून सगळं हलवून टाकतं. मी आत वाकून पाहिलं. पातळ पत्र्याची वळवलेली पाती एकीला एक लागून दाटीनं बसलेली, मधे स्टेटरचं छोटं जाड चाक. मेस्त्रीनं स्टेटर हातानं एका बाजूला फिरवला, तो फिरला. दुसऱ्या बाजूला फिरवायला लागला, तर तो अडायला हवा होता, पण तिकडंही गरगर फिरला.

“हा गेला,” मेस्त्री म्हणाला. “एकाच बाजूला फिरायला पाहिजे. दोन्हीकडं फिरायला लागला की पिकअप संपला. लोक म्हणतात इंजिन बसलं. इंजिन काढून बसतात बिचारे.”

खालच्या ट्रेमध्ये ऑईल साचलं होतं. नवं ऑईल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. हे चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं आणि करपल्याचा वास मारत होतं. “मालक म्हणतो लाइफटाईम ऑईल आहे, बदलायचं नसतं. बरोबर आहे. बॉक्सची लाइफ संपली, ऑईलची पण संपली.”

भाच्यानं फॉर्म पुढं केला. मेस्त्रीनं हात पुसले, पाच मिनिटं वाचला आणि जोराच्या आकड्यावर बोट ठेवलं. “दादा, तुमच्या गाडीला टर्बो आहे. तीनशेवीसचा टॉर्क दीड हजारालाच येतो आणि तीन हजारापर्यंत टिकतो. तुम्ही साडेतीन हजाराचा स्टॉल मागताय. म्हणजे जोर संपत आल्यावर गाडी हलणार. आणि बॉक्सचा कॉम्प्युटर घसरण मोजत असतो. एवढी घसरण बघून तो म्हणेल बॉक्सच गेलाय, आणि दिवा लावून बसेल. कोणी सांगितलं तुम्हाला हे?”

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काकांकडं पाहिलं. काका कापलेल्या कन्व्हर्टरकडं पाहत होते.

मेस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि टायरला चपलेनं टोचून म्हणाला, “हे कंपनीचे नाहीत.”

नव्हतेच. मागच्या दसऱ्याला भाच्यानं मोठे, खडबडीत, चिखलातले टायर टाकले होते. रुबाब दुप्पट झाला होता. पण टायरचा घेर वाढला की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे सगळेच गिअर लांबतात, शिवाय तो जाड रबर फिरवायला ताकद जाते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. पिकअप गेला तो तिथं. दसऱ्याला टायर घातले आणि दिवाळीला पिकअप गेल्याची तक्रार सुरू झाली, एवढी सनावळी आमच्यापैकी कोणीच जुळवून पाहिली नव्हती, १९०५ पासूनची तोंडपाठ असलेल्यांनीही नाही.

“जुने टायर आहेत का?” मेस्त्रीनं विचारलं.

आहेत. गच्चीवर आहेत. आमच्या घरात जुनं टाकायची पद्धत नाही. चारपैकी तीनांत माझ्या बहिणीनं अळू लावलंय, आणि यंदा पानं सुपाएवढी झाली आहेत. ती म्हणाली, गौरी होईपर्यंत हात लावायचा नाही. मुलाचा पिकअप आणि गौरीच्या नैवेद्याची वडी यात तिला निवड करायला क्षणही लागला नाही. टायर सप्टेंबरात बदलले. गाडी सिग्नलला पूर्वीसारखी उचलते. कन्व्हर्टर आहे तोच आहे.

यात एक उपकथानक आहे. शेजारच्या वकीलसाहेबांनी आमचे रविवारचे दौरे पाहिले आणि आधी कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, कंपनीनं ठरवलेल्या रूपात फेरफार चालत नाही. कन्व्हर्टर त्यात येतो का विचारलं, तर म्हणाले, दोन्ही बाजूंनी लढता येईल. मग आवाज खाली आणून म्हणाले, त्यांच्याही गाडीचा पिकअप कमी वाटतो, मेस्त्री चांगला असेल तर एक कन्व्हर्टर त्यांनाही टाकून द्यावा. त्यांची गाडी एएमटी आहे. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स, साधी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायला पायाऐवजी आणि गिअर बदलायला हाताऐवजी यंत्र. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नावाचा पार्टच नसतो. मेस्त्रीनं त्यांना हे फोनवर सांगितलं. वकीलसाहेब थोडं थांबले आणि म्हणाले, “मग बसवायचेच पैसे घ्या, काढायचे नका लावू.”

तेव्हा वाचकहो, ऑटोमॅटिक असेल तर आधी पुस्तिका उघडून बॉक्स कुठल्या जातीचा आहे ते पाहा. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर ऑईल कधी बदललं ते आठवा, आठवत नसेल तर बदला, आणि ते पुस्तिकेत लिहिलंय त्याच प्रतीचं घाला. घाटात भरल्या गाडीनं, ट्रेलर ओढत जात असाल तर ऑईलला वेगळा कूलर लावायचा खर्च कन्व्हर्टरपेक्षा आधी करा. तरीही परफॉर्मन्सवाला घ्यायचाच असेल तर फॉर्ममध्ये फराळाच्या पिंपासकट वजन लिहा. आणि पिकअप कितीही असो, द्वारकेला डावीकडं वळायचं नसेल तर डाव्या बाजूला गाडी घालून उभे राहू नका. मागं आम्ही असतो.